कळलावीची कळ

आमच्या गावाकडे एक फूल होतं. ते तोडायला बंदी नव्हती, पण उंबऱ्याच्या आत आणायला होती. आषाढ सरत आला की गडग्यावर, करवंदीच्या जाळीत, निवडुंगाच्या कुंपणात ते दिसू लागायचं. वेल अगदी किरकोळ. पानाचं टोकच दोरीसारखं लांबतं आणि मिळेल त्या काटकीला वेटोळं घालून वर चढतं. फूल मान खाली घालून उमलतं, आणि त्याच्या सहा पाकळ्या मात्र उलट दिशेला, आभाळाकडे वळलेल्या असतात. कडा झालरीसारख्या दुमडलेल्या. पहिल्या दिवशी पाकळी हिरवट असते, मग पिवळी, मग नारिंगी, शेवटी लालभडक. एकाच वेलावर हे सगळे रंग एका वेळी दिसतात, म्हणून दुरून कुंपणाला आग लागल्यासारखं वाटतं. संस्कृतात तिला अग्निशिखा म्हणतात ते उगाच नाही.

मराठीत ती कळलावी. हे फूल घरात आणलं, किंवा कुणी मुद्दाम छपरावर टाकलं, तर त्या घरात भांडणं लागतात अशी समजूत. कळलाव्या नारदाच्या पंगतीत बसणारी ही वनस्पती! पण मराठीतला ‘कळ’ हा शब्द मोठा बेरकी आहे. कळ म्हणजे भांडण, तसंच कळ म्हणजे दुखण्याची सणक. बाळंतिणीला येतात त्याही कळाच. अडलेल्या बाईच्या बेंबीवर किंवा तळपायांना या वेलीच्या कंदाचा लेप लावायची जुनी रीत होती, आणि मूल बाहेर आलं की लेप ताबडतोब धुऊन टाकायचा अशी सक्त ताकीद. त्यामुळे नाव नक्की कोणत्या कळेवरून पडलं, यावर दोन माणसं भांडू शकतील. म्हणजे समजूत खरीच ठरली म्हणायची.

गंमत अशी, की घरात न आणायचं हेच फूल कोकणात काही ठिकाणी गौरीच्या पूजेत मानाने बसतं. ‘गौरीचे हात’ असंही त्याचं एक नाव. गोव्यात ते वागचबको होऊन चतुर्थीच्या माटोळीला टांगलं जातं. घाबरायचंही आणि पुजायचंही. आपल्या लोकांनी या वेलीशी हाच व्यवहार ठेवला, आणि पुढे तिच्यातल्या रसायनाचा इतिहास वाचताना मला वाटू लागलं, की आधुनिक वैद्यकानेही नेमका तोच ठेवलाय.

त्या रसायनाचं नाव कोल्चिसीन.

नाव मात्र आपल्या वेलीवरून आलेलं नाही. काळ्या समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, आजच्या जॉर्जियात, ग्रीकांचा कोल्किस नावाचा प्रदेश होता. ग्रीक कथांमधली विषं जाणणारी मेदेआ तिथली राजकन्या. त्या प्रदेशावरून एका कंदवर्गीय फुलझाडाला कोल्चिकम हे नाव मिळालं. युरोपच्या कुरणांवर पावसाळी गारठा सुरू होताना ते जमिनीतून एकदम फुलतं, पानं पुढच्या वसंतात येतात. दिसायला केशराच्या फुलासारखं, म्हणून गैरसमजाला जागा. आणि वसंतातली पानं रानलसणीच्या पानांसारखी, म्हणून गैरसमजाला आणखी जागा. रानलसणीची भाजी म्हणून कोल्चिकमची पानं खुडून आणून विषबाधा झाल्याच्या घटना मध्य युरोपात आजही घडतात. आपली कळलावी आणि हे कोल्चिकम एकाच कुळातली. काश्मीरात उगवणारं पिवळं कोल्चिकम हे याच कुळातलं तिसरं भावंड. युनानी हकीम त्याला सुरंजान म्हणतात. त्यांच्याकडे सुरंजान दोन: शीरीं आणि तल्ख, गोड आणि कडू. सांधेदुखीवर पोटात द्यायचं ते गोड, कडू फक्त वरून लावायचं. विषाची मात्रा जिभेने ओळखायची ही पद्धत ओबडधोबड खरी, पण तिच्यामागे अनुभव होता.

आयुर्वेदात कळलावी लांगली या नावाने येते. तिचा कंद नांगरासारखा वाकलेला, दोन फाट्यांचा असतो. लांगल म्हणजे नांगर. रसशास्त्राने तिची गणना उपविषांत केली आणि गोमूत्रात भिजवून शोधन केल्याशिवाय ती वापरू नये असं सांगितलं. तिचं गर्भपातिनी हे नाव तर सरळ धोक्याची पाटीच आहे. दुर्दैवाने ती पाटी उलटी वाचणारेही होते. नको असलेला गर्भ पाडायला कंद उगाळून पाजला जाई, आणि गर्भाबरोबर बाईही जाई. लेपाने बाळंतपण सुलभ होतं असं मानण्याजोगा माणसांवरचा भरवशाचा पुरावा नाही. कंद पोटात गेल्यावर माणूस दगावतो, याचा मात्र भारत आणि श्रीलंकेच्या रुग्णालयांत भरपूर आहे. विंचू आणि साप यांच्या विषावर कळलावीचा कंद देतात असंही ऐकू येतं. एका विषात दुसरं मिसळण्यापलीकडे त्यातून काही साधत नाही.

आता दुखण्याकडे येऊ, कारण कोल्चिसीनची कीर्ती एका दुखण्यावरच उभी आहे. इंग्रजीतलं गाऊट. आयुर्वेदातलं वातरक्त त्याच्या बरंच जवळ जातं. आपल्याकडे मात्र लोक सरळ ‘माझं युरिक ॲसिड वाढलंय’ असंच सांगतात. रक्तातलं युरिक ॲसिड मर्यादेबाहेर गेलं की सांध्यात त्याचे सुईसारखे स्फटिक बसतात, बहुतेकदा पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी. रात्री झोपेत कधीतरी ठिणगी पडते. अंगठा लालबुंद सुजतो आणि अंगावरच्या चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ, एरवी तक्रार न करणारे, त्या रात्री पंख्याचा वारासुद्धा पायाला लागतो म्हणून रडले होते.

या दुखण्यावर कोल्चिकमचा कंद चालतो हे सहाव्या शतकातल्या बायझंटाईन वैद्याला, ट्रालेसच्या अलेक्झांडरला, ठाऊक होतं. पोट बिघडतं हेही त्याला ठाऊक होतं. नंतर युरोपातले वैद्य त्याला घाबरून दूर राहिले. १७६३ मध्ये व्हिएन्नाच्या आंतोन फोन श्टॉर्कने कोल्चिकमचा पुन्हा वापर सुरू केला, आणि त्यानंतर काही वर्षांनी निकोला ह्युसाँ नावाच्या फ्रेंच सेनाधिकाऱ्याने एक गुप्त ‘औषधी पाणी’ बाजारात आणलं. आत काय आहे ते तो सांगत नसे. गाऊटवाले श्रीमंत मागतील ती किंमत देत. १८१४ मध्ये जेम्स वाँट या इंग्रज डॉक्टरने उलगडा केला, की या महागड्या पाण्यात कोल्चिकमच आहे. बेंजामिन फ्रँकलिन पॅरिसमध्ये अमेरिकेचा राजदूत असताना गाऊटने हैराण होता. १७८० मध्ये त्याने स्वतः आणि गाऊट यांच्यातला एक विनोदी संवादही लिहिला. कोल्चिकम अमेरिकेत त्यानेच नेलं असं सांगतात.

१८२० मध्ये पॅरिसच्या पेलेतिए आणि काव्हाँतू या जोडीने कोल्चिकममधून त्याचा सक्रिय पदार्थ वेगळा काढला. हे दोघे म्हणजे त्या काळचे अल्कलॉइडांचे शिकारी. कुचल्यातलं स्ट्रिक्नीन आणि सिंकोनातलं क्विनीन ही त्यांचीच कामगिरी. कोल्चिसीन हे नाव १८३३ मध्ये जर्मन रसायनज्ञ गाइगरने दिलं. अल्कलॉइड या शब्दाचा अर्थ अल्कलीसारखं. वनस्पतीतली नत्रयुक्त, चवीला बहुधा कडू, शरीरावर थोड्या मात्रेत मोठा परिणाम करणारी द्रव्यं या नावाखाली येतात. कोल्चिसीनमध्ये नत्र आहे, कडूपणा आहे, परिणाम तर आहेच. फक्त अल्कलीपणा जवळजवळ नाही. घराण्याच्या नावावर पंगतीत बसलेल्या पाहुण्यासारखं ते आहे.

पण हे द्रव्य करतं काय? गाऊटच्या डॉक्टरांना शंभर वर्षं एक गोष्ट छळत होती. कोल्चिसीन वेदनाशामक नाही. डोकं दुखत असताना घेतलं तर डोकं दुखतच राहतं. ते युरिक ॲसिडही कमी करत नाही. स्फटिक जिथे होते तिथेच असतात. आणि तरी अंगठ्याचा ठणका उतरतो. कित्येक डॉक्टर तर निदानच त्यावरून करत: कोल्चिसीनने थांबलं म्हणजे गाऊट होतं.

उत्तर गाऊटच्या दवाखान्यात मिळालं नाही, ते पेशीविभाजनाच्या प्रयोगशाळेत मिळालं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एवढं कळलं होतं, की कोल्चिसीन दिलं की पेशींचं विभाजन मधेच अडकतं. शिकागो विद्यापीठात एडविन टेलर आणि त्यांचा विद्यार्थी गॅरी बोरिसी यांनी किरणोत्सारी खूण केलेलं कोल्चिसीन पेशींत सोडलं आणि ते कशाला चिकटतं ते शोधलं. अपेक्षा अशी, की भराभर विभागणाऱ्या पेशींत ते सर्वाधिक चिकटेल. प्रत्यक्षात ते सगळ्यांत जास्त चिकटलं मेंदूच्या ऊतींमध्ये, जिथल्या चेतापेशी विभागतच नाहीत. १९६७ मध्ये त्यांनी हा कोल्चिसीन धरून ठेवणारा पदार्थ जाहीर केला. पुढच्याच वर्षी जपानी संशोधक हिदेओ मोहरी यांनी त्याला ट्युब्युलिन हे नाव दिलं. म्हणजे आपल्या पेशींमधला एक अत्यंत महत्त्वाचा पदार्थ सापडला तो या विषाचा माग काढता काढता.

ट्युब्युलिन म्हणजे परांचीचे बांबू. प्रत्येक पेशीच्या आत बारीक नळ्यांची एक परांची सतत उभी राहत असते आणि सतत उतरवली जात असते. एका टोकाला बांबू बांधले जातात, वेळ आली की सुटतात. या नळ्यांवरून पेशीतला माल इकडून तिकडे जातो. पांढऱ्या पेशींना सरपटत जायचं असेल तर त्यांनाही हीच परांची लागते. चेतापेशींचे लांबलचक धागे तिच्यावरच पेललेले असतात, म्हणून मेंदूत ट्युब्युलिनचा एवढा साठा. आणि पेशी विभागताना याच नळ्या दोऱ्यांसारख्या दोन्ही बाजूंनी गुणसूत्रांना धरून ओढतात. अर्धी इकडे, अर्धी तिकडे.

आता यातली खोडी पाहा. ट्युब्युलिनचा प्रत्येक तुकडा एकटा नसतो. ते एक जोडपं असतं, अल्फा आणि बीटा अशा दोन प्रथिनांचं. नळीत बसायचं तर या जोडप्याला सरळ ताठ उभं राहावं लागतं. कोल्चिसीन बरोबर या दोघांच्या मध्ये जाऊन बसतं. जोडपं तुटत नाही. ते वाकडं राहतं, सरळ होऊ शकत नाही. असं एक वाकडं जोडपं नळीच्या टोकाशी लागलं की त्याच्यावर पुढचं नीट बसत नाही आणि बांधकाम थांबतं. मराठीत याला पाचर मारणं म्हणतात. दोघांच्या मध्ये शिरून घर उभं राहू न देणारीला कळलावी म्हणणारे आपले पूर्वज ट्युब्युलिन जाणत नव्हते, हे उघड आहे. योगायोग आहे. पण फार देखणा आहे.

ही एवढी एकच खोडी. कोल्चिसीनचं औषधपण आणि विषपण शोधायला दुसरीकडे जावं लागत नाही.

गाऊटमध्ये सांध्यातले स्फटिक स्वतः फार काही करत नाहीत. खरा गोंधळ घालतात त्यांच्यावर चालून येणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्या येतात, स्फटिक गिळायला पाहतात, चिडतात, दाह भडकवणारी रसायनं ओकतात, त्यामुळे आणखी पांढऱ्या पेशी येतात. कोल्चिसीनने परांची ढिली झाली की या पेशींची धाव मंदावते आणि दाहाचा भोंगा वाजवणारी यंत्रणाही नीट जुळत नाही. थोडक्या मात्रेत एवढंच घडतं. आग विझवणारं औषध हे नव्हे. आगीत तेल ओतायला निघालेल्या गर्दीला ते वाटेत अडवतं.

मात्रा वाढली की तीच पाचर जिथे पेशी सर्वांत घाईने विभागतात तिथे बसू लागते. आतड्याचं अस्तर दर काही दिवसांनी नवं होतं. म्हणून विषबाधेत पहिल्यांदा आतडं कोसळतं. काही तासांतच उलट्या, पोटात मुरडा, पाण्यासारखे जुलाब. पटकी झाल्याचा भास होतो. बऱ्याचदा हे थोडं ओसरतं आणि घरच्यांना वाटतं, निभावलं. खरी लढाई त्यानंतर असते. दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर हाडांतल्या मगजात नव्या रक्तपेशी तयार होणं थांबतं. पांढऱ्या पेशी घसरतात, रक्त गोठेनासं होतं, जंतुसंसर्ग होतो. मूत्रपिंड, यकृत, हृदयाची लय, श्वास, सगळंच एकामागून एक गडबडतं. यातून जो तरतो त्याचे दोन-तीन आठवड्यांनी केस गळतात, कारण केसांच्या मुळातल्या पेशीही घाईच्याच. १९६६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये सिलोनमधल्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या, एका तरुणीची हकिगत छापून आली होती. कळलावीचे कंद खाऊनही ती वाचली, पण अंगावरचे केस झाडून सगळे गेले. पोट, मगज, केस: वरवर असंबद्ध वाटणारी ही यादी नळ्यांचं गणित कळल्यावर एका ओळीत बसते.

यावर उतारा नाही. १९९५ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी कोल्चिसीनला पकडणारी खास प्रतिपिंडं वापरून एका अत्यवस्थ तरुणीला वाचवल्याचं प्रसिद्ध केलं. ते औषध पुढे कधी बाजारात आलं नाही. असे रुग्ण थोडे आणि बनवण्याचा खर्च मोठा, हे त्यामागचं गणित कुणालाही करता येईल. त्यामुळे आजही डॉक्टरांच्या हाती आहे ते एवढंच: लवकर आणलं तर पोट रिकामं करणं, कोळसा देणं आणि नंतर शरीराला एकेक दिवस पुढे ढकलत नेणं. कळलावीचा कंद रताळ्यासारखा किंवा एखाद्या रानकंदासारखा समजून खाल्ला गेला असेल, तर उलट्या सुरू होण्याची वाट पाहत घरी बसू नये, हे या प्रकरणातलं सगळ्यांत उपयोगी वाक्य असेल.

विष मोजून दिलं तर औषध, हे सुभाषित आपण फार सहज म्हणतो. कोल्चिसीनच्या बाबतीत ते मोजणं शिकायलाच दीड हजार वर्षं लागली. कंद उगाळून द्यायच्या काळात मोजमाप शक्यच नव्हतं. मोसम, माती, कंदाचं वय यांप्रमाणे त्यातलं कोल्चिसीन पटींनी बदलतं, आणि बियांत ते कंदापेक्षा जास्त असतं. पण शुद्ध गोळी आल्यावरही जुनी खोड गेली नाही. विसाव्या शतकात बराच काळ डॉक्टर गाऊटच्या रुग्णाला सांगत, दर तासाला एक गोळी घ्या, दुखणं थांबेपर्यंत किंवा जुलाब लागेपर्यंत. म्हणजे विषबाधेची पहिली पायरी हीच मात्रेची मोजपट्टी! २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने हा प्रकार मोडीत काढला. सहा तासांत ४.८ मिलिग्रॅम ही जुनी मोठी मात्रा आणि तासाभरात एकूण १.८ मिलिग्रॅम ही छोटी मात्रा यांची तुलना केली, तेव्हा आराम दोघांत जवळपास सारखाच निघाला. जुलाब मात्र मोठ्या मात्रेत ७७ टक्के लोकांना झाले, छोट्या मात्रेत २३ टक्के लोकांना. पिढ्यान्‌पिढ्या रुग्णांनी सोसलेले जुलाब उपचाराचा भागच नव्हते.

शिरेतून कोल्चिसीन देण्याचा प्रकार तर आणखी घातक. २००७ मध्ये अमेरिकेच्या ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांत पाठदुखीसाठी कोल्चिसीनचं इंजेक्शन घेतलेले तिघे मरण पावले. कुपीत मिलिलिटरमागे अर्धा मिलिग्रॅम औषध असायला हवं होतं, होतं चार. आठपट. बऱ्याच औषधांच्या बाबतीत आठपट चूक झाली तर माणूस आजारी पडून उठतो. पुढच्या वर्षी तिथल्या औषध प्रशासनाने अशी इंजेक्शनं विकणं बंद करायला लावलं.

आणि चूक व्हायला आठपट गोळ्या खाव्या लागतात असंही नाही. आपलं शरीर कोल्चिसीन बाहेर काढतं ते यकृतातल्या एका विकराच्या आणि पेशींमधल्या एका उपसा पंपाच्या मदतीने. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक या दोघांनाही अडवतं. छातीच्या संसर्गासाठी दिलेली साधी गोळी, गाऊटची नेहमीची गोळी, आणि मूत्रपिंड थोडं अशक्त: या तिघांच्या भेटीतून मृत्यू झाल्याची नोंद आहे. एकाही गोळीची मात्रा चुकलेली नसते. आपल्याकडे एका डॉक्टरची चिठ्ठी दुसऱ्याला न दाखवण्याची जी सवय आहे, ती इथे जिवावर बेतू शकते.

विषाचा वापर करून मारणारेही होते, हे सांगायला हवं. कॅथरीन विल्सन नावाच्या एका परिचारिकेने रुग्णांचा विश्वास संपादन करून त्यांना विष दिलं आणि त्यांच्या पैशांवर डोळा ठेवला. तिच्या एका बळीच्या प्रकरणात कोल्चिकम होतं. ऑक्टोबर १८६२ मध्ये तिला लंडनमध्ये जाहीर फाशी झाली. लंडनमध्ये लोकांसमोर फाशी दिलेली ती शेवटची स्त्री. जुलाब आणि उलट्यांनी मेलेला माणूस त्या काळात पटकीने गेला असं सहज खपून जाई, म्हणून हे विष सोयीचं.

या खोडीचा सर्वांत निर्मळ उपयोग मात्र माणसाच्या पोटात न जाता झाला. १९३७ मध्ये अमेरिकेत आल्बर्ट ब्लेकस्ली आणि ॲमॉस ॲव्हरी यांनी वनस्पतींना कोल्चिसीन लावलं. गुणसूत्रं दुप्पट झालेली, ओढणाऱ्या दोऱ्या मात्र नाहीत, त्यामुळे पेशी न विभागता दुप्पट गुणसूत्रं घेऊन तशीच राहिली. ब्लेकस्ली आयुष्यभर ज्या झाडावर संशोधन करत होते ते धोतऱ्याचं. एका विषारी झाडाच्या अभ्यासकाला दुसऱ्या विषारी झाडाने मदत केली. यातून शेतीला एक नवीच युक्ती मिळाली. जपानच्या हितोशी किहारा यांनी दुप्पट गुणसूत्रांचं कलिंगड साध्या कलिंगडाशी संकरित केलं. जन्मलेल्या वेलीत गुणसूत्रांचे तीन संच आले. तीनची दोनांत समान वाटणी होत नाही, म्हणून बी धरत नाही. बाजारात बिनबियांचं कलिंगड कापताना त्याच्या आजीला कधीतरी कोल्चिसीन पाजलं होतं हे लक्षात ठेवायला हरकत नाही. खायला ते पूर्ण निर्धोक आहे. विष मागच्या पिढ्यांतच राहिलं.

आणि माणसाची गुणसूत्रं किती, हेही आपल्याला कोल्चिसीनने सांगितलं. १९२३ पासून सगळे ४८ म्हणत होते. जावात जन्मलेला जो हिन त्यो स्वीडनमधल्या लुंडला आल्बर्ट लेव्हान यांच्या प्रयोगशाळेत काम करत होता. डिसेंबर १९५५ मध्ये त्याने पेशींना कोल्चिसीन देऊन गुणसूत्रं ऐन विभाजनात, सुटी आणि ठसठशीत असताना अडवली, आणि मोजली. ४६ निघाली. पुन्हा मोजली, ४६च. तीस वर्षं पाठ्यपुस्तकांतून शिकवला गेलेला आकडा मोडला. आजही पोटातल्या बाळाची गुणसूत्रं तपासताना प्रयोगशाळेत कोल्चिसीनचा किंवा त्याच्या भावंडाचा थेंब असतो. मूल पाडायला वापरलेल्या वेलीचं रसायन मूल धड आहे का ते पाहायला वापरलं जातं.

कळलावी स्वतःच्या विषाने का मरत नाही, असा प्रश्न शाळकरी मुलं हमखास विचारतात, मोठी माणसं विचारत नाहीत. या कुळातल्या वनस्पतींचं ट्युब्युलिन थोडं वेगळं असतं. ज्या खोबणीत कोल्चिसीन बसतं ती त्यांनी बदलून घेतलीय. त्यांच्या जोडप्याच्या मध्ये ते नीट शिरत नाही. दुसऱ्यांच्या घरात भांडणं लावणारी स्वतःच्या घराचं दार मात्र लावून घेते!

एकेकाळी फक्त गाऊटचं मानलं गेलेलं हे औषध आता बरंच फिरतंय. १९७२ मध्ये स्टीव्हन गोल्डफिंगर या अमेरिकी डॉक्टरने एका छोट्या पत्रात लिहिलं, की भूमध्य प्रदेशातल्या लोकांत आढळणाऱ्या, वारंवार ताप आणि पोटदुखी आणणाऱ्या एका आनुवंशिक आजारात रोजच्या कोल्चिसीनने झटके थांबतात. तुर्की, आर्मेनियन, अरब आणि ज्यू कुटुंबांतली हजारो माणसं आज त्या गोळीवर जगतात, आणि मूत्रपिंडं वाचवतात. हृदयावरच्या आवरणाच्या दाहातही ती दिली जाते. अलीकडची मोठी बातमी हृदयाच्या रक्तवाहिन्यांची. तिथला मेदाचा थर फुटतो त्यामागेही दाह असतो, मग रोज अर्धा मिलिग्रॅम कोल्चिसीन दिलं तर? २०२० मध्ये आलेल्या, ५,५२२ रुग्णांच्या चाचणीत हृदयविकाराचे झटके आणि तत्सम घटना ९.६ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्या. जून २०२३ मध्ये अमेरिकेत या कामासाठी गोळीला मंजुरी मिळाली. आणि २०२४ मध्ये सात हजारांहून अधिक रुग्णांवर केलेल्या आणखी मोठ्या चाचणीत झटक्यानंतर लगेच कोल्चिसीन सुरू करून काही फायदा दिसला नाही. कुणाला आणि कधी द्यायचं, यावर हृदयरोगतज्ज्ञांत आता मतभेद आहेत. कळलावीच ती.

पैशाचीही एक कथा आहे, आणि ती मला विषापेक्षा जास्त बोचते. अमेरिकेत हे औषध कुणाच्याच मालकीचं नव्हतं, गोळी जेमतेम नऊ सेंटला मिळे. २००९ मध्ये एका कंपनीने त्याच्या नव्याने चाचण्या करून मंजुरी घेतली, काही वर्षांचा विक्रीचा एकाधिकार मिळवला आणि गोळी जवळपास पाच डॉलरवर नेली. ह्युसाँच्या गुप्त पाण्याला निदान लेबल नव्हतं.

जगाला लागणाऱ्या कोल्चिसीनचा एक मोठा झरा आज तमिळनाडूत आहे. करूर, दिंडिगुल, तिरुप्पूर या कोरड्या जिल्ह्यांत शेतकरी कळलावी शेतात लावतात, तारांवर किंवा काटेरी रोपांच्या ताटीवर चढवतात. तिथे ती सेंगांदळ. राज्याचं फूलही तीच, आणि घरात भांडण लावते म्हणून कुणी तिला उंबऱ्याबाहेर ठेवत नाही. फूल मान खाली घालून उमलतं आणि त्याची स्त्रीकेसराची काडी काटकोनात बाहेर वळलेली असते, म्हणून परागकण आपोआप पुरेसे पोहोचत नाहीत. भरपूर बी हवं तर माणसाला हात लावावा लागतो. मोसमात सकाळी लवकर मजूर, बहुतेक बाया, ओळीओळींनी फिरतात आणि एका फुलाचे परागकण दुसऱ्या फुलाच्या काडीच्या टोकाला टेकवत जातात. एकेका फुलाला. शेंगा वाळल्या की फोडून लालसर बी वेगळी करतात, पोत्यांत भरतात आणि ती कारखान्यांकडे जाते. तिथून ते द्रव्य अर्ध्या मिलिग्रॅमच्या पांढऱ्या गोळीत बसून औषधाच्या दुकानात येतं, आणि पंख्याचा वाराही न सोसणाऱ्या कुणाच्या तरी अंगठ्यापर्यंत पोहोचतं.